संकष्टीची देवघेव: आठ जणींनी मिळून आठ वाकळी कशा शिवायच्या

मी सांगलीच्या गावभागात 22 वर्षं ब्लाउज शिवते. लग्नसराईत दिवसाला सहा-सात ब्लाउज हातावेगळे होतात, फॉल-पिको वेगळं. दिवसभर मशीन चालू. तरीसुद्धा 2019 पर्यंत आमच्या घरात मी हौसेनं शिवलेली एकही वस्तू नव्हती. उशीचे अभ्रेसुद्धा विकतचे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. खालच्या खोलीतली मशीन, कातरणांची पोती, आज्जीची वाकळ म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, सगळं चार दिवस पाण्यात. पाणी उतरल्यावर मशीन उघडून रॉकेलनं धुतली, तेल घातलं, ती चालली. वाकळ मात्र तीन वेळा धुवावी लागली. चिखल निघत गेला तसं एकेक ठिगळ वर यायला लागलं. आजोबांच्या धोतराचं, आत्याच्या परकराचं, आज्जीच्या इरकली लुगड्याच्या काठाचं. गच्चीवर उन्हात ती पसरली तेव्हा मला पहिल्यांदा तिचे टाके दिसले. एका कोपऱ्यातला धावदोरा तांदळाच्या दाण्याएवढा, सरळ रेघेत. त्याच्या समोरच्या कोपऱ्यात टाके लांब, शेंगदाण्याएवढे, घाईचे. तिसऱ्या बाजूचे टाके सगळे उलट्या अंगाला कललेले, म्हणजे ती बाई डावखुरी असणार. आज्जी डावखुरी नव्हती. शेजारच्या काकू माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "अगं, हा माझ्या सासूबाईंचा हात." मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की आमची वाकळ चार घरच्या बायकांनी चारी बाजूंनी बसून शिवली होती.

तिथून आमची देवघेव सुरू झाली: कापडाचे तुकडे जोडून वाकळीचे चौकोनी भाग, म्हणजे चौक, शिवायचे आणि एकमेकींना वाटायचे. पहिल्यांदा चौघी होतो, आता आठ आहोत. मिरजेच्या एक ताई, तासगावच्या वहिनी, विट्याची माझी भाची, बाकीच्या गावभाग आणि विश्रामबागेतल्या. आठपैकी तिघींकडे मशीन नाही, त्या हातानं शिवतात. कसं करायचं ते सविस्तर लिहिते, कारण बऱ्याच जणी विचारतात, आणि तेवढ्याच जणी "वेळच मिळत नाही गं" म्हणून मागे फिरतात. वेळेचं उत्तर या देवघेवीतच आहे असं माझं ठाम मत आहे. स्वतःसाठी अर्धा तास मागायला आपली जीभ उचलत नाही. पण तासगावच्या वहिनी माझ्या चौकाची वाट बघताहेत म्हटलं की मी बसते, आणि घरचेही बसू देतात.

हिशेब आधी, कापड नंतर

आमचा चौक शिवून साडेनऊ इंचांचा असतो, वाकळीत जोडल्यावर नऊ इंचांचा राहतो. दर महिन्याला प्रत्येकीनं एकाच नमुन्याचे आठ चौक शिवायचे. एक स्वतःला ठेवायचा, सात वाटायचे. म्हणजे महिन्याला हातात आठ हातांचे आठ चौक येतात. सहा महिन्यांत 48. सहा आडवे, आठ उभे लावले की 54 बाय 72 इंच. भोवती तीन इंचांची किनार घातली की 60 बाय 78, एका माणसाच्या पलंगाला पुरेल अशी वाकळ. आठही जणींना एकेक, आणि एकीसारखी दुसरीची नाही.

सहा जणी असाल तर आठ महिने धरा, हिशेब तोच बसतो. दहाच्या वर मात्र जाऊ नका. महिन्याला बारा चौक शिवायचे म्हटलं की दुसऱ्याच महिन्यात दोघी गळतात, आणि गळणारीला वाईट वाटतं ते वेगळंच.

तारीख आम्ही संकष्टी धरली. याला कारण आहे. ती दर महिन्याला येतेच, कुणाला आठवण करावी लागत नाही. निम्म्या जणी गणपती मंदिरात येतातच. आणि उपास असल्यामुळे चंद्रोदयापर्यंत स्वयंपाकघराचा फार व्याप नसतो. दुपारी चारला आम्ही भेटतो, चौक वाटतो, पुढच्या महिन्याचा रंग ठरवतो. विट्याच्या भाचीला जमलं नाही तर येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्या हाती पिशवी देते. तुमच्यात उपास करणाऱ्या नसतील तर महिन्याचा दुसरा शनिवार धरा, पण तारीख एकदा ठरली की हलवायची नाही. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं की संपलं.

कापड

फक्त सुती. यावर आम्ही कुणाशीही तडजोड करत नाही. सिंथेटिक कापड घडी धरत नाही, सुती कापडाला बसणाऱ्या इस्त्रीखाली ते आक्रसतं नाहीतर वितळतं, आणि शेजारच्या सुती तुकड्याला ओढून धरतं. आहेरातले ब्लाउजपीस या घरातून त्या घरात फिरत असतात, त्यातले पुष्कळसे मिश्र धाग्याचे निघतात. मला एका दुकानदारानं शंभर टक्के सुती म्हणून दीड मीटर दिलं होतं. घरी येऊन धागा जाळून बघितला तर टोकाला कडक काळा मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटात राख चुरडते. सिंथेटिक वितळून त्याचा मणी होतो. धागा चिमट्यात धरून, मोरीत उभं राहून ही परीक्षा करा, दोन मिनिटांचं काम.

टूबायटू सुती असेल तर उत्तम, पॉपलीन चालतं, केंब्रिक फार छान. इचलकरंजीचं सुती कापड आमच्याकडे सहज आणि रास्त भावात मिळतं. खण सुंदर दिसतो, पण त्याचे धागे कापल्या कापल्या सुटतात. खण वापरायचा तर शिलाई, म्हणजे शिवणीबाहेर सोडायची कड, पाव इंचाऐवजी अर्धा इंच धरून तो तुकडा तेवढा मोठा कापा. जुन्या इरकलीचा काठही असाच जपून वापरावा लागतो.

नवं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. न आटवलेलं कापड वाकळीत गेलं तर पहिल्या धुण्यात तेवढाच चौक आखडतो. लाल आणि गडद निळं जास्त जपा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग लागला तर पुन्हा धुवा, लागायचा थांबेपर्यंत धुवा, आणि थांबलाच नाही तर ते कापड देवघेवीत देऊ नका. तुमच्या एका तुकड्यानं सात जणींच्या वाकळी डागाळतील.

गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांवर तिचा हक्क असतो, हे माझ्या धंद्यातल्या बहिणींना कळकळीनं सांगते. मी उरलेला तुकडा ब्लाउजच्या पिशवीतच परत ठेवते. ती "ठेवा तुम्हाला" म्हणाली तर घेते. अशी दिलेली कातरणं माझ्या वाकळीत आहेत आणि कोणता तुकडा कुणाच्या लग्नातला तेही मला माहीत आहे.

पाव इंच

पहिल्या खेपेला आमचे चौक जमले तेव्हा काही सव्वानऊ होते, काही पावणेदहा. सगळ्यांनी मापानंच कापलं होतं. फरक शिलाईत होता. ब्लाउज शिवताना आपण अर्धा-पाऊण इंच मार्जिन सोडतो, हाताला तीच सवय. इथं शिलाई बरोबर पाव इंच हवी.

मशीनच्या पत्र्यावर सुईपासून बरोबर पाव इंचावर औषधाच्या दुकानात मिळते ती पांढरी चिकटपट्टी लावा. चार-पाच थर एकावर एक लावले की तिला कड येते आणि कापड तिला टेकून सरळ जातं. मग परीक्षा घ्या. दीड इंच रुंद आणि साडेतीन इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा, लांब बाजूंनी शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा, मोजा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि सगळा तुकडा साडेतीन बाय साडेतीन आला तर तुमचा पाव इंच खरा. नाही आला तर चिकटपट्टी केसभर सरकवा आणि पुन्हा शिवा. मला तीनदा सरकवावी लागली. हातानं शिवणाऱ्यांनी उलट्या बाजूवर पेन्सिलीनं पाव इंचाची रेघ मारावी आणि रेघेवरूनच धावदोरा घालावा. दर चार-पाच टाक्यांनी एक बखिया, म्हणजे मागे घेतलेला टाका, घातला की शिवण उसवत नाही. आमच्या हातानं शिवणाऱ्या तिघींचे चौक मशीनवाल्यांपेक्षा मापाला जास्त नेमके येतात.

सुरुवात नऊखणी चौकानं करा. साडेतीन इंचांचे नऊ तुकडे, पाच गडद, चार फिकट. कोपरे आणि मधला गडद. आठ चौकांना 40 गडद आणि 32 फिकट तुकडे लागतात. 44 इंच पन्ह्याच्या कापडात एका ओळीत बारा तुकडे बसतात, तेव्हा दोन्ही रंगांचं अर्धा-अर्धा मीटर घेतलं तरी उरतं.

आता इस्त्रीची गोष्ट, जी मला इतक्या वर्षांच्या धंद्यात कुणी शिकवली नव्हती. ब्लाउजमध्ये आपण शिवण उकलून दोन्हीकडे दाबतो. इथं दोन्ही पदर एकाच बाजूला, गडद तुकड्याकडे दाबायचे. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गडद तुकडे कडेला आहेत, म्हणून शिवणी बाहेरच्या अंगाला जातात. मधल्या ओळीत गडद तुकडा मध्ये आहे, तिथं शिवणी आत येतात. मग ओळी एकमेकींवर ठेवल्या की शिवणीचा एक उंचवटा वर आणि एक खाली असे समोरासमोर येऊन अडकतात. बोटाला ते कळतं, खाच बसल्यासारखं. तिथं टाचणी लावा आणि शिवा. चारही कोपरे एका बिंदूत मिळतात. पहिल्यांदा ते मिळाले तेव्हा मी तो चौक घेऊन थेट काकूंच्या दारात गेले होते.

वेळ

संकष्टीनंतरच्या रविवारी एक तास बसून सगळे 72 तुकडे कापून टाकायचे. कापायला पसारा लागतो, तो एकदाच मांडायचा. तुकडे चौकाप्रमाणे रचून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. त्यानंतर महिनाभर तुम्हाला डबा उघडून फक्त शिवायचंय, काही ठरवायचं नाही. दमलेल्या माणसाला ठरवणंच जड जातं, शिवणं जात नाही.

दोरा सगळ्या कामाला एकच, मोतिया रंगाचा. तो गडदात आणि फिकटात दोन्हीकडे खपतो. चार बॉबिनी आधीच भरून ठेवा. रीळ बदलायला लागलं की "आता राहू दे" असं मन म्हणतं, मी म्हटलेलं आहे.

मशीनवर माळ करा. पहिले दोन तुकडे शिवून झाले की दोरा न तोडता लगेच पुढचे दोन फूटखाली सरकवायचे. आठही चौकांची पहिली जोडी एका दमात होते, झेंडूच्या माळेसारखी मागे लोंबत राहते. मग कापून सुटी करायची. अशी माळ करून मला आठ चौकांना इस्त्रीसकट अडीच तास लागतात. अडीच तास एकदम कुणाला मिळतात? मला नाही. पण सकाळी डबे गेले की साडेनऊला मी मशीनवर बसते आणि पहिली वीस मिनिटं माझी. गिऱ्हाइकाचं काम दहाला. मशीनला तेल घातल्यावर पहिला टाका माझ्या चौकाचा पडतो. आधी मी हे रात्रीला ठेवून बघितलं होतं. रात्री डोळे आणि पाठ दोन्ही गिऱ्हाइकांनी घेतलेली असायची.

हातानं शिवणाऱ्यांचं वेगळं. मिरजेच्या ताई दवाखान्यात कामाला आहेत. पर्समध्ये एक छोटा बटवा, त्यात एकाच चौकाचे नऊ तुकडे, सुई, दोरा, बोथट टोकाची कात्री. एसटीची वाट बघताना दोन तुकडे जोडून होतात. एक चौक हातानं शिवायला त्यांना दीड तास लागतो, पण तो दीड तास कधी एकत्र लागतच नाही.

वर्षाचं गणितही मांडा. वैशाखात मला श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून त्या महिन्यात आम्ही सगळ्यात सोपा नमुना धरतो, पाच उभ्या पट्ट्या, बस. चातुर्मासात लग्नं नसतात आणि पितृपक्षात नवं कापड फारसं कुणी शिवायला टाकत नाही. त्रिकोणांचे, वेळखाऊ चौक तेव्हा. तुमचा धंदा दुसरा असेल तर तुमचा मोकळा पक्ष कोणता ते शोधा. परीक्षा, सुगी, मार्चअखेर, प्रत्येकीचं वर्ष वेगळं असतं, आणि आठ जणींचं ऐकून नमुना ठरवला की कुणाचंच ओझं होत नाही.

आलेल्या चौकाचा मान

लहान आलेल्या चौकाला भोवती इंचभर पट्टी लावून मग साडेनऊला कापा, मोठा आला तर चारी बाजूंनी सारखा छाटा. तासगावच्या वहिनींकडून एकदा हळदीचा डाग पडलेला चौक आला, त्यांच्याकडे हळद शिजवायचे दिवस होते. साबण लावला की डाग आधी तांबडा होतो, घाबरू नका. धुवून दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकला, डाग फिकट होत गेला.

पण दुसरीचं शिवण उसवून पुन्हा शिवू नका. मी केलं होतं. पहिल्या वर्षी काकूंचा एक चौक वाकडा होता, ओळी सरकलेल्या. मी रात्री तो उसवून मशीनवर नीट शिवला आणि वाकळीत लावला. वाकळ पुरी झाल्यावर काकू बघायला आल्या. त्या हातानं चाचपत गेल्या, आपल्या कापडावर थांबल्या, उलटं करून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "माझा टाका कुठाय गं?" मला उत्तर देता आलं नाही. गच्चीवर त्यांनीच मला त्यांच्या सासूबाईंचा हात दाखवला होता. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडून दुसरा चौक मागून घेतला आणि तो आला तसा लावला. थोडा वाकडा आहे. डोक्याशी, उजवीकडून दुसरा.

तेव्हापासून प्रत्येक चौकाच्या एका फिकट तुकड्यावर शिवणारीनं दोऱ्यानं आपलं नाव आणि साल घालायचं असा नियम केला. अमेरिकेत 1840 च्या दशकात मैत्रिणी चौकांवर शाईनं सह्या करून अशा गोधड्या करत, दूर जाणाऱ्या मैत्रिणीला देत. आम्ही शाई वापरत नाही, दोन पदरी दोरा आणि दांडीटाका. बंगालच्या कांथ्यात जुन्या साडीच्या काठातून ओढलेला दोरा वापरायची रीत आहे. ती आम्ही उचलली. फाटक्या साडीचा काठ उसवला की पक्क्या रंगाचे धागे मिळतात. माझं नाव आईच्या साडीच्या लाल धाग्यानं लिहिलेलं आहे.

वाकळ बांधताना

48 चौक जमिनीवर मांडा आणि एक रात्र तसेच राहू द्या. सकाळी कुठं गडद एकत्र आलेत ते लगेच दिसतं. ओळी जोडा, किनार लावा. पोटात आम्ही कापूस घालत नाही, सांगलीच्या थंडीला जुन्या सुती साडीचे दोन थर पुरतात. साडीच्या 80 इंची दोन पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या की एक थर होतो, म्हणजे दोन थरांना दोन साड्या. खाली मांजरपाट, चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचं, आणि तेही आटवूनच.

मांजरपाट फरशीवर ताणून कडा चिकटपट्टीनं चिकटवा, त्यावर साड्या, त्यावर चौक. मग मधून बाहेरच्या बाजूला, सूर्याच्या किरणांसारखे कच्चे टाके घाला. यात घाई नको. आमच्या आज्ज्या कडेपासून आत गोल गोल शिवत जायच्या. तसं शिवायचं असेल तर कच्चे टाके चार बोटांच्या अंतरावर दाट हवेत, नाहीतर मध्ये फुगा येतो.

धावदोरा मात्र एकटीनं घालू नका. आम्ही प्रत्येक वाकळीला दोन दुपारी देतो, चौघी चार बाजूंनी बसतो. विट्याची भाची डावखुरी आहे. ती आमच्यासारखं कडेला नीट बसून शिवू शकत नव्हती, कोपर आपटायचं. तिला आता आम्ही नेहमी डाव्या हाताच्या कोपऱ्यावर बसवतो, आणि तिच्या बाजूचे टाके सगळे उलट्या अंगाला कलतात.